नोबॉल भुयार

“दिगंबर भुयार असा कोनी मानूस आमच्या गावात नाही,” पारावरचा म्हातारा म्हणाला.

“बिछायत केंद्र आहे त्यांचं. लग्नाचे मंडप वगैरे.”

“मंग असं सांगा ना नोबॉल पायजे म्हनून.” त्यानं काठीनं गल्ली दाखवली. “ते निळं दार. बाहेर नोबॉलीन तांदूळ निवडत बसली असंल. तिले इचारा.”

मी आभार मानून निघालो. परक्या गावात कामाला आलेल्या माणसानं अशा वेळी हसू नये एवढी समज मला होती. शिवाय माझं काम नडलेलं होतं.

मी आमच्या तालुक्याच्या बेसबॉल संघाचा कॅचर होतो, म्हणजे विकेटकीपरसारखा बॅट्समनच्या मागं बसून बॉल झेलणारा. आमच्या तालुक्यात बेसबॉलचा संघ होता हे सांगितलं की लोक अजूनही आधी माझ्या तोंडाकडे बघतात आणि मग विषय बदलतात. पण होता. शाळेतले मोहोड सर तो चालवायचे. आदल्या हिवाळ्यात आमच्याकडे दोन चांगले पिचर होते. त्यातल्या एकाला बेसबॉलच्याच प्रमाणपत्रावर पोलिसात नोकरी लागली. दुसऱ्यानं लग्न केलं आणि तो सासऱ्याच्या संत्र्यांच्या धंद्यात जाऊन बसला. दोघांचंही भलं झालं आणि आमचं वाटोळं झालं. बेसबॉलमध्ये पिचर बॉल टाकतो तेव्हा खेळ सुरू होतो. तो नसला की उरलेले आठ जण नुसते उन्हात उभे राहतात.

राज्य स्पर्धा जानेवारीत होती. पावसाळ्यात मैदानावर चिखल असतो, कोणी खेळत नाही, तेवढ्यात नवे पिचर जमवायचे होते. एक जमवून भागणार नव्हतं. एका पिचरनं एका दिवशी किती बॉल टाकायचे याला स्पर्धेत मर्यादा असते, म्हणून निदान तिघं हवे होते. माझं वय सत्तावीस. राज्याचं पदक आलं तर मलाही खेळाडूंच्या कोट्यातून कुठंतरी चिकटता आलं असतं. नाही आलं तर वडिलांचं खताचं दुकान होतंच, आणि वडील ते रोज सांगत होते.

क्रिकेटमध्ये फेकी ठरलेल्या बॉलरांना गोळा करायचं, ही कल्पना माझी होती असं मी तेव्हा समजत होतो. झालं एवढंच की, एक दिवस चहा पिताना मोहोड सर म्हणाले, “लुंगे, हात वाकवून बॉल फेकतो म्हणून ज्यांना क्रिकेटमधून हाकलतात, ती माणसं पुढं काय करत असतील हो?” आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. क्रिकेटमध्ये कोपरात हात वाकवून फेकलेला बॉल म्हणजे नोबॉल. बेसबॉलमध्ये तर फेकायचाच असतो. जे तिथं पाप ते इथं पुण्य. असे पापी प्रत्येक गावात एखाददुसरा असणारच.

गजानन तायडे मला पहिल्याच दिवशी मिळाला. “फेकतो का?” मी विचारलं. “फेकतो का म्हंजे?” तो म्हणाला, “मी तं दगडच मारतो म्हना ना! दोन गावांत खेळू देत नाहीत मले.” दुसरा जावेद, डावखुरा. त्याच्या हाताला वेग होता, पण बॉल कुठं जाईल हे त्यालाही आधी माहीत नसायचं. तिसऱ्याचं नाव सरांनीच सुचवलं.

“चिंचखेड्याला एक होता म्हणतात,” ते म्हणाले. “भुयार आडनाव. मंडप-डेकोरेशन करतो.”

“चला मग, दोघं जाऊ.”

“माझे गुडघे दुखतात.”

“मोटरसायकलवर जायचं आहे, सर.”

“मोटरसायकलवर जास्त दुखतात,” सर म्हणाले.

म्हणून मी एकटाच निळ्या दाराशी पोहोचलो. दाराच्या बाजूला पत्र्याची मोठी शेड होती, आत खुर्च्यांचे ढीग आणि गुंडाळलेली कापडं. पावसाळ्यात लग्नं नसतात, त्यामुळं बिछायतवाल्यांचाही तो बसून खायचाच काळ. शेड गळत होती. एक तिशीचा काळासावळा, लांब हातांचा माणूस ताडपत्री बांधायला दोरी पलीकडं टाकायच्या तयारीत होता. दोरीच्या टोकाला त्यानं अर्धी वीट बांधली होती. शेडच्या वर एका बाजूनं निंबाची फांदी आली होती आणि दुसऱ्या बाजूनं विजेची तार. मधे जेमतेम हातभर फट. त्यानं एकदा वर बघितलं, कोपर मागं नेलं आणि हात असा सपकन सोडला की मला वीट दिसलीच नाही. ती फटीतून गेली आणि पलीकडं चिखलात पडल्याचा आवाज आला.

मला माझा पिचर सापडला होता. एवढ्या आनंदात माणूस नको ते बोलून जातो.

“वा!” मी म्हणालो. “असाच फेकणारा माणूस पाहिजे आम्हाला!”

त्यानं सावकाश माझ्याकडं वळून बघितलं.

“मी फेकत नाही,” तो म्हणाला.

“आत्ता तर...”

“ते दोरी व्हय. बॉल मी कधी फेकला नाही. हात सरळ हाय माहा. कोनं पाठवलं तुमाले?”

मी बेसबॉल, पिचर, राज्य स्पर्धा सगळं सांगितलं. फेकणं तिथं चालतं, किंबहुना फेकावंच लागतं, हे तर दोनदा सांगितलं. मला वाटत होतं मी आनंदाची बातमी देतो आहे. तो शांतपणे ऐकत होता.

“म्हंजे मी फेकतो, हे तुमी कबूल करून घ्याले आले,” तो म्हणाला.

“तसं नाही हो.”

“मी तुमच्या टीममधी आलो की अख्खं गाव म्हनंल, पाय बा, फेकतच होता. पंचाचं बरोबर होतं. अकरा साल झाले मी सांगून रायलो, हात सरळ हाय. आता मी आपल्या पायानं जाऊन सांगू, की वाकडा हाय?” त्यानं दोरी खुंटीला बांधली. “च्या घ्या अन् निघा.”

चहा त्याच्या बायकोनं दिला. रंजनावहिनी म्हणजेच नोबॉलीन. तो मागच्या बाजूला गेल्यावर त्यांनी मला खालच्या आवाजात सगळी हकिकत सांगितली. दारात आलेल्या माणसाला ती सांगायची त्यांना सवय असावी.

“आमच्या गावात टूर्नामेंट होती. बक्षीस बोकड. फायनलले आमचं गाव अन् पलीकडचं सावरगाव. भांडन नोको म्हनून पंच तालुक्यावरून आनला. टोपीवाला, चष्मेवाला. लास्ट ओवर यायची होती अन् सावरगावले पाच रन पायजे होते.”

“मग?”

“मंग काय? यायनं पयला बॉल टाकला, पंच म्हने नोबॉल, फेकला. दुसरा टाकला, नोबॉल. असे पाच नोबॉल देल्ले. पाच रन झाले. मॅच खतम.” त्यांनी तांदळातला खडा काढून बाजूला टाकला. “ओवरचा एक बॉल नाही पडला भाऊ, अन् मॅच गेली. सावरगावचा रस्ता आमच्या गावातूनच जाते. बोकडाच्या गळ्यात हार घालून त्याले आमच्या दारावरून नेलं. बँड लावून. बँडवाले बी आमच्याच गावचे होते.”

“वाईट झालं.”

“माह्या लग्नाले तवा आठ दिवस झालते. नाव घ्याले सांगतलं तं मी ‘दिगंबररावांचं’ म्हनलं, अन् सगळ्या बाया हासल्या. तवापासून मी नोबॉलीन. यायनं त्या दिवसापासून बॉल हाती धरला नाही. कोनी चिडवलं तं भांडत बी नाहीत. नुसते म्हनतात, हात सरळ हाय.”

परतताना मी मोटरसायकलवर विचार करत होतो. आम्हाला तो हवा होता कारण तो फेकत होता, आणि तो येणार होता फक्त फेकत नाही असं आम्ही मानलं तर. मी सरांना हे सांगितलं. सरांनी चष्मा पुसला.

“बोकडाचंही सांगितलं का त्यांनी?” त्यांनी विचारलं.

“हो. तुम्हाला माहीत आहे?”

“ऐकलं होतं,” सर म्हणाले. “नियमात असं कुठं लिहिलंय का लुंगे, की पिचरचं कोपर वाकलंच पाहिजे?”

तसं कुठंच लिहिलेलं नव्हतं. एका जागी उभं राहून टाकायचं, हात सरळ ठेवा नाहीतर वाकडा, बेसबॉलला त्याचं काही नाही. पुढच्या आठवड्यात मी हेच घेऊन पुन्हा चिंचखेड्याला गेलो. दिगंबरनं ते मला तीनदा सांगायला लावलं.

“म्हंजे सरळ हातानं टाकला तरी चालते.”

“चालतं.”

“अन् कोनी फेक म्हनलं तं मी घरी येतो.”

“कोणी म्हणणार नाही.”

रंजनावहिनी दाराआड उभ्या होत्या. त्यांनी आतूनच विचारलं, “डब्बा किती वाजता लागंल?”

अशा रीतीनं आमचे तीन पिचर झाले. मी सगळ्या संघाला बजावून ठेवलं की दिगंबरसमोर ‘फेक’ हा शब्द तोंडातून काढायचा नाही. बॉल टाकायचा, सोडायचा, द्यायचा, पण फेकायचा नाही. गजाननला ते फार जड गेलं. “इकडं बॉल... दे ना बा,” असं तो म्हणायचा आणि मधे एकदा दम घ्यायचा.

दसऱ्यानंतर मैदान वाळलं आणि सराव सुरू झाला. पहिल्याच दिवशी मोहोड सर मैदानावर आले ते तोंडावर कॅचरचा लोखंडी जाळीचा मास्क चढवून. इतक्या वर्षांत सरांना मी मास्कमध्ये कधी बघितलं नव्हतं. पंचगिरी ते माझ्यामागं उभं राहून, नुसती टोपी घालूनच करायचे. आता टोपीही गेली होती.

“सर, मास्क?”

“धूळ फार आहे,” सर म्हणाले.

सकाळीच पाऊस शिंपडून गेला होता. मला वाटलं असेल काहीतरी. पण सराव संपला तरी सरांनी मास्क काढला नाही. चहा आला तेव्हा त्यांनी तो हनुवटीपासून चार बोटं वर उचलला, खालून बशी घातली आणि चहा ओढला. पुढं रोज हेच. दिगंबर बिचारा त्यांना फार मान द्यायचा. “तुमचे सर शिस्तीचे दिसतात,” तो मला म्हणाला. “माह्या मामाले बी धुळीचा त्रास होता.” सर त्याच्याशी फारसं बोलत नसत, आणि बोललेच तर घसा बसल्यासारख्या आवाजात.

आणि दिगंबर टाकायचा कसा? हात वेताच्या काठीसारखा ताठ ठेवून, डोक्यावरून गोल फिरवून. बॉल हवेत छान कमान करून यायचा. इतका आरामात, की मला ग्लोव्ह्ज पुढं धरून मधे नाक खाजवता यायचं. आमच्याच पोरांनी त्याला मैदानाबाहेर मारून मारून दोन बॉल विहिरीत घालवले. दिगंबरला त्याचं काहीच नव्हतं. प्रत्येक बॉलनंतर तो माझ्याकडं बघून विचारायचा, “सरळ होता ना?”

“एकदम सरळ,” मी म्हणायचो, आणि मला रडू यायचं. याच हातानं मी अर्धी वीट हातभर फटीतून गेलेली बघितली होती. माझी नोकरी, माझं पदक, सगळं त्या कोपरात अडकून पडलं होतं आणि तो ते वाकवायला तयार नव्हता.

“सर, तुम्ही तरी सांगा त्याला,” मी एकदा वैतागून म्हणालो.

मास्कच्या आतून सर म्हणाले, “मी सांगून नाही चालणार, लुंगे. मी तर मुळीच सांगून नाही चालणार.”

दिवाळी झाली. अचलपूरकडच्या एका संघाला आम्ही सरावाच्या सामन्याला बोलावलं होतं, आणि नेमकं शाळेचं मैदान कृषी प्रदर्शनाला दिलं गेलं. मैदानभर ट्रॅक्टर लागले. आम्ही सगळे डोक्याला हात लावून बसलो असताना दिगंबर म्हणाला, “आमच्या गावचं मैदान हाय ना. मोठं हाय. वरून मंडप मी टाकून देतो. खुर्च्या बी.”

सगळे खूष झाले. सरांनी तेवढी मास्कची पट्टी आवळली.

“दुसरं कुठलंच मैदान नाही?” त्यांनी शेवटी विचारलं.

नव्हतं.

रविवारी चिंचखेडा गाव लोटलं होतं. नोबॉल पुन्हा बॉलिंग करणार, हे बघायला पलीकडून सावरगावचीही माणसं आली होती. दिगंबरनं मंडप झकास घातला होता, लाल-पिवळ्या कापडाचा, झालरी लावून. पारावरचा म्हातारा पहिल्या रांगेत काठी घेऊन बसला होता. सर मोटारीतून उतरले तेच मास्क घालून. एका बाईनं विचारलं, “यायले भाजलं गिजलं काय?”

सुरुवातीला गजानननं टाकले. तो दगड मारल्यासारखेच मारत होता आणि आम्ही दोन रनांनी पुढं होतो. मग त्याचा खांदा भरून आला. शेवटच्या डावाला जावेद आला. त्याचा पहिला बॉल मंडपात गेला, दुसरा बॅट्समनच्या बरगडीत. बॉल लागला म्हणून बॅट्समन फुकटात पहिल्या बेसवर गेला. मग आणखी दोघं असेच बॉल लागून किंवा भरकटलेल्या बॉलांमुळं फुकटात गेले, आणि बघता बघता तिन्ही बेसवर त्यांचे गडी उभे राहिले. आता एक चांगला फटका बसला तर सामना गेला. मी दिगंबरला बोलावलं. दुसरं कोणी नव्हतंच.

तो आला. हात ताठ करून त्यानं पहिला बॉल टाकला. तो कमान करून आला आणि कमान करूनच, पण फार लांब, बाहेर गेला. नशिबानं रेषेच्या बाहेरून, म्हणजे रन नाही; उलट बॅट्समनच्या नावावर एक स्ट्राइक, आणि असे तीन झाले की तो आउट. दुसराही बॅट्समननं तसाच मारला. लोक हसायला लागले. सावरगावच्या घोळक्यातून कोणीतरी बोंबललं, “नोबॉल!” आणि सगळ्या मैदानानं ते उचललं. रंजनावहिनी मंडपाच्या खांबाला धरून उभ्या होत्या, त्यांनी मान खाली घातली.

मी पळत दिगंबरकडं गेलो. काय बोलणार होतो ते आता आठवत नाही. कारण माझ्यामागून सर येत होते. गुडघे दुखणाऱ्या माणसासारखे नाही, चांगले भराभरा. आमच्याशी येऊन ते थांबले आणि त्यांनी मास्क काढला. खिशातून पांढरी टोपी काढून डोक्यावर ठेवली.

दिगंबर बघत राहिला. त्यानं काही म्हणायच्या आधीच पारावरचा म्हातारा उठला.

“अबे, हा तं तोच!” तो ओरडला. “बोकडवाला पंच!”

मंडपातल्या खुर्च्या एकदम मागं सरकल्याचा आवाज झाला. गाव पुढं यायला लागलं. मला सगळं एकाच वेळी कळलं. धूळ, गुडघे, खालून पिलेला चहा. मी सरांच्या पुढं उभा राहिलो, अंगावर कॅचरचं चिलखत होतं म्हणून. दिगंबरनं डावा हात वर केला आणि गाव जागच्या जागी थांबलं.

“तुमी व्हय,” तो म्हणाला.

“मीच,” सर म्हणाले.

“महिनाभर तुमी माह्यासंगं च्या पेऊन रायले.”

“हो.”

“मंग आता सांगा. सगळ्याइसमोर सांगा.” दिगंबरनं उजवा हात पुढं धरला. “माहा हात सरळ होता का नाही?”

मी मनात म्हणत होतो, सर, सरळ होता म्हणा. काय जातं तुमचं? एक शब्द बोला आणि सगळे सुखानं घरी जाऊ.

“वाकत होता,” सर म्हणाले.

दिगंबरनं डोळे मिटले.

“पाचही वेळा वाकला. आज विचारशील तर तेच सांगीन आणि मरताना विचारशील तरी तेच. क्रिकेटच्या नियमानं ते पाच नोबॉलच होते.” सरांनी टोपी सारखी केली. “पण तसा हात मी त्याआधी बघितला नव्हता आणि नंतरही नाही. पाचवा बॉल तर मला दिसलाही नाही रे. नुसता आवाज आला. मी नोबॉल दिला आणि मनात म्हटलं, आपण कोणत्या गाढवाच्या खेळात पंच आहोत!”

सरांनी मास्क काखेत धरला.

“घरी गेलो आणि शोधत बसलो, की असा हात कोणत्या खेळाला चालतो. या तालुक्यात बेसबॉल कोणाला माहीत होता? जिल्ह्याच्या ऑफिसात सामान धूळ खात पडलं होतं, ते मी मागून आणलं. पोरं जमवली. हा लुंगे तेव्हा शाळेत होता. हे सगळं कोणासाठी केलं, तूच सांग.”

दिगंबरनं माझ्याकडं बघितलं. मी काय सांगणार? आपण ज्या संघात अकरा वर्षं खेळलो तो कोणाची तरी वाट बघत होता, हे मलाही आत्ताच समजत होतं.

“मंग अकरा साल आले काऊन नाही?” दिगंबरनं विचारलं. “एक डाव येऊन सांगतलं असतं.”

“तुझ्या गावानं मला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून शिवेवर सोडलं होतं. पुन्हा दिसलास तर तंगड्या तोडू म्हणाले. बूटसुद्धा काढून घेतले.”

“बूट हायेत,” मागून म्हातारा म्हणाला. “समाजमंदिरात ठिवले. आमी काई ते इकले नाहीत.”

दिगंबर हातातल्या बॉलकडं बघत होता. बोटांनी त्याची शिवण चाचपत होता. अकरा वर्षं जे वाक्य तो एकटा सांगत आला होता, ते सरांनी सगळ्या गावासमोर खोटं ठरवलं होतं. आणि वर त्याच वाकण्यासाठी एका माणसानं एक खेळ उभा केला होता. या दोन गोष्टींचं काय करायचं हे त्याचं त्यालाच ठरवायचं होतं. मला माझ्या पदकाचा विसर पडला होता, हे खरं सांगतो.

“मास्क घाला,” तो शेवटी म्हणाला.

“नाही घातला तरी...”

“घाला म्हनतो ना. लागंल.”

आम्ही परत जागेवर आलो. मी बॅट्समनच्या मागं बसलो, सर माझ्या मागं. दिगंबरनं एकदा वर बघितलं, शेडवर बघितलं होतं तसं. कोपर मागं गेलं.

मला बॉल दिसला नाही. ग्लोव्ह्जमध्ये काहीतरी फुटल्यासारखा आवाज झाला आणि तळहातापासून खांद्यापर्यंत झिणझिण्या गेल्या. बॅट्समन बॅट खांद्यावर ठेवून तसाच उभा होता. मी मान वळवली. सरांचा उजवा हात आडवा चालला होता. जुनी सवय. क्रिकेटमध्ये पंच नोबॉल देताना हात आडवा पसरतो, आणि सगळ्या गावाला ती खूण चांगलीच पाठ होती. आडवा झालेला हात मधेच थांबला. मग सरांनी तो सरळ आभाळाकडं नेला आणि घशाच्या शिरा ताणून ओरडले, “स्ट्राइक!”

“म्हंजे काय?” म्हाताऱ्यानं विचारलं.

“म्हणजे बरोबर!” मी ओरडलो. “बॅट्समन आउट!”

“बरोबर हाय म्हनते!” म्हाताऱ्यानं मागं वळून गावाला सांगितलं.

पुढच्या दोघांनाही बॅट लावता आली नाही. त्यातल्या दुसऱ्याच्या वेळी अख्खं चिंचखेडा एका सुरात ओरडत होतं, “फेक! फेक!” मी घाबरून दिगंबरकडं बघितलं. तो घरी जायला निघाला नव्हता. रंजनावहिनी पदरानं डोळे पुसत होत्या आणि सगळ्यांत मोठ्यानं ओरडत होत्या त्याच. सामना संपल्यावर म्हातारा समाजमंदिरातून सरांचे बूट घेऊन आला. एका बुटात उंदरानं घर केलं होतं. सरांनी ते पायात घातले आणि तसेच लंगडत गावभर चहा घेत फिरले, मास्कशिवाय.

राज्य स्पर्धेत आम्ही चौथे आलो. चौथ्याला पदक नसतं. माझी नोकरी गेली ती गेलीच. खताच्या दुकानातही माझं मन लागलं नाही, आणि आज इतक्या वर्षांनी मी भुयार बिछायत केंद्रात भागीदार आहे. पावसाळ्यात आम्ही दोघं रिकामे असतो, तेव्हा शेडमागं पोरांना पिचिंग शिकवतो.

पण मला जास्त आठवतो तो स्पर्धेला निघायच्या आदला दिवस. संघाचे नवे टीशर्ट अमरावतीहून छापून आले होते. पाठीवर प्रत्येकाचं आडनाव. छपाईवाल्याला आपापलं नाव ज्याचं त्यानं फोनवर सांगितलं होतं. शाळेच्या वऱ्हांड्यात सर एकेक टीशर्ट उलगडून नाव वाचत होते आणि ज्याचा त्याला देत होते. तायडे. लुंगे. मग एक टीशर्ट त्यांनी उलगडला आणि त्यांच्या तोंडून नावच निघेना.

दिगंबर पुढं आला. “माहा हाय तो,” तो म्हणाला, आणि त्यानं तिथल्या तिथं तो अंगात चढवला. पाठीवर मोठ्या पांढऱ्या अक्षरांत लिहिलं होतं, नोबॉल.

“गावात दुसरं नाव कोनाले माहीत नाही,” त्यानं समजावून सांगितलं. “पेपरात आलं तं वळखाले पायजे ना.”

सरांनी सामानाच्या पेटीतून मास्क काढला आणि तोंडावर चढवला. सगळं वाटून होईपर्यंत त्यांनी तो काढला नाही. त्या दिवशी सराव नव्हता.